लॉन तिसऱ्यांदा मेलं, आता काय करू?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय कारण मूळ पत्र चार पानी होतं:

"नमस्कार ताई, वाघोलीच्या पुढे आमचं छोटं घर आहे, राहायला येऊन तीन वर्षं झाली. घराचं तोंड उत्तरेला, पुढे 900 चौरस फूट मोकळी जागा, एका कोपऱ्यात जुनं आंब्याचं झाड. लॉनची हौस मला. पहिल्यांदा वास्तुशांतीच्या घाईत मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडून मेक्सिकन लॉनचे तयार चौकोन टाकून घेतले, जूनपर्यंत अर्धे वाळले. दुसऱ्यांदा त्यानंच वर चार इंच लाल माती टाकून परत मेक्सिकन लावलं, त्यात गवत कमी आणि लव्हाळा जास्त आला, पावसात दोन-दोन दिवस पाणी साचायचं, शेवाळ धरायचं. तिसऱ्यांदा मीच ऑनलाइन बी मागवलं, नोव्हेंबरात टाकलं, आठ दिवसांत उगवलं आणि जानेवारीत इतकं सुंदर दिसत होतं की मी फोटो डीपीला लावला, आता मार्च संपता संपता सगळं गेलं. पाणी बोअरचं, आरओवाल्यानं टीडीएस, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार, 1100 सांगितला. माळीकाका रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपनं पाणी मारतात. सासूबाई म्हणतात पेव्हर ब्लॉक टाका, नवरा म्हणतो प्लास्टिकचं लॉन टाकू, मुलं (8 आणि 11) म्हणतात काहीही टाका पण क्रिकेट बंद करू नका. अजून किती पैसे घालवू? आणि एक वेगळाच प्रश्न, आंब्याला दोन वर्षं मोहोरच नाही, त्याला काय घालू? – हिरवळीची हौस, वाघोली"

हौसताई,

आधी एक गोष्ट, तुमच्या हाताला काही झालेलं नाहीये. मी स्वतः दोन लॉन मारलेत, एक पाण्यानं आणि एक युरियानं. युरियाचं तर असं झालं की टाकायचा होता थोडासा, मी म्हटलं जरा जास्त टाकू म्हणजे लवकर हिरवं होईल, वरून पाणी द्यायचं नेमकं राहिलं कारण पाहुणे आले, तिसऱ्या दिवशी बघते तर लॉनवर माझ्या मुठीच्या फेकीप्रमाणे पिवळे फराटे, जणू कुणी रांगोळी काढून ठेवलीय. तेव्हा लाजू नका.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते एकच. तीन वेळा तुम्ही गवत बदललंत, खाली काय आहे ते एकदाही उकरून बघितलं नाही. म्हणून या वेळी नर्सरीत जायच्या आधी एक काम करा, घरात कुठंतरी दीड-दोन फुटांची लोखंडी सळई असेलच, नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, आदल्या दिवशी जमीन नीट भिजवा आणि दुसऱ्या दिवशी पाच-सहा ठिकाणी हातानं दाबून बघा. वीतभर सहज गेली तर नशीब. माझा अंदाज आहे की तुमची चार बोटं जाऊन टण्णकन थांबेल, कारण नवीन बांधकामात काय होतं, काम संपलं की उरलेला राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे, सगळं तिथंच पसरतात, वर मुरूम टाकून डंपर फिरवतात आणि त्यावर पातळ मातीचा थर देऊन म्हणतात घ्या, गार्डन रेडी. त्यावर गवताची मुळं जाणार कुठं? पिझ्झ्यावर चीज असतं तेवढ्या मातीत गवत जगतंय, मार्च-एप्रिलचं ऊन लागलं की खालून तापतं आणि वरून वाळतं.

दुसरी टेस्ट, फूटभर खोल आणि तेवढाच रुंद एक खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा आणि पट्टी लावून तासाभरात किती उतरलं ते बघा. दुसऱ्या भरण्याचं बघायचं, पहिल्याचं नाही, कारण कोरडी जमीन पहिलं पाणी अधाशासारखं पिते. तासाला इंचभर उतरलं तर छान, अर्ध्या इंचाच्या खाली असेल तर पावसात दोन दिवस पाणी का साचतं त्याचं उत्तर तिथंच मिळालं.

आता तुमच्या त्या चार इंच लाल मातीबद्दल. आपल्याकडे लाल माती म्हणजे बागेचं औषध असा एक समज आहे. ती वाईट नसते, पण घट्ट दाबलेल्या मुरमावर किंवा काळ्या चिकणमातीवर तिचा वेगळा थर नुसता पसरला की दोन थरांच्या मध्ये पाणी अडतं, वरची माती डबडबलेली राहते, खाली पाणी उतरतच नाही आणि मुळं सीमेवरूनच परत फिरतात. थर नको, मिसळण हवी. आणि लव्हाळा? तो बहुतेक त्या मातीतूनच फुकट आला. ट्रॉलीभर मातीत शंभर गाठी असल्या तरी दिसत नाहीत, पाणी मिळालं की एकेका गाठीतून साखळीच सुरू होते. पुरात झाडं गेली तरी लव्हाळा वाचतो असं आपण ऐकत आलोय ते उगाच नाही, तो वाचतो कारण त्याचं सगळं भांडवल जमिनीखाली असतं, वरचं पातं तुम्ही उपटलं की त्याला केस कापल्याएवढंच दुःख होतं.

आणि तुमचं ते डीपीवालं लॉन. आठ दिवसांत उगवलं, थंडीत चमकलं आणि मार्चमध्ये गेलं, ह्याच्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की ते राय ग्राससारखं थंड हवेतलं गवत होतं. पाकिटावर नुसतं "लॉन सीड" लिहिलेलं असतं आणि फोटो कुठल्यातरी परदेशातल्या बंगल्याचा. ते गवत पुण्याच्या एप्रिलमध्ये जगणारच नव्हतं, तुम्ही देव पाण्यात ठेवले असते तरी. आपल्याकडे उन्हाळी जातीचंच गवत लागतं, म्हणजे हरळी, मेक्सिकन वगैरे, ज्यांना 27 ते 35 अंशांत खरा जोर येतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींमध्ये जी थोडी पिवळट पडून गप्प बसतात. ते पिवळं पडणं नॉर्मल आहे, तेव्हा घाबरून खत घालत सुटू नका.

आता ऊन. ह्याच्यावर जरा सविस्तर बोलायचंय कारण हे कुणी सांगत नाही. तुमचं घर उत्तरमुखी आहे, म्हणजे लॉन घराच्या उत्तरेला. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतो ना आपण, तेव्हा भर दुपारी घराची सावली पडतच नाही. पण डिसेंबरच्या 21-22 तारखेला तोच सूर्य दुपारी दक्षिणेला कलून जेमतेम 48 अंशांवर असतो, म्हणजे 20 फूट उंच घर असेल तर साधारण 18 फूट सावली उत्तरेला, थेट तुमच्या लॉनवर. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्टर आला तेव्हा हीच सावली दुपारी सात फुटांची असणार, त्याला सगळं लख्ख दिसलं असेल. म्हणजे व्हरांड्याला लागून जो पट्टा आहे तो दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत जवळजवळ अंधारात असतो, आणि नेमका तोच तुम्हाला दारातून दिसतो म्हणून सगळा जीव त्याच्यावर. हरळीला दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागतं, मेक्सिकन थोडं कमी चालवून घेतं, रुंद पानाचं जे कार्पेट किंवा बफेलो नावानं नर्सरीत देतात ते तीन-चार तासांतही तग धरतं पण त्याला पाणी जास्त लागतं आणि ते पायाखाली मळतं. तुमच्यासाठी काम एवढंच, एखाद्या रविवारी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला गच्चीवरून मोबाइलवर एक फोटो काढायचा. मुलांना सांगा, ती करतील. आता एप्रिलमध्ये काढा, आणि डिसेंबरची सावली किती लांब जाईल त्याचा हिशेब वर दिलाय, त्या अंतरावर चुन्यानं रेघ मारून ठेवा.

ती रेघ मारलीत आणि आंब्याखालचा गोल वेगळा काढलात की 900 फुटांतलं खरं लॉनचं मैदान 500 फूट उरेल असं मला वाटतं. तेवढंच लावा. वाईट वाटेल, पण पाण्याचा हिशेब ऐकलात तर कमी वाटेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गवताला आठवड्याला 25 ते 30 मिलिमीटर पाणी लागतं असं धरून चाला. 900 चौरस फूट म्हणजे साधारण 84 चौरस मीटर, एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा 30 मिलिमीटरचे झाले आठवड्याचे 2500 लिटर, महिन्याला 10,000 लिटर, म्हणजे दर महिन्याला आख्खा एक टँकर फक्त गवताला. तुमच्या भागात मे महिन्यात टँकरची काय परिस्थिती असते ते मी तुम्हाला सांगायला नको. 500 फुटांना हेच निम्म्याच्या जरा वर येतं.

त्यामुळे सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे हे आज रात्री जेवताना मोठ्या मनानं सांगून टाका. व्हरांड्याच्या कडेच्या सावलीच्या पट्ट्यात पेव्हर किंवा शहाबादी फरशी टाका, पण फरशांमध्ये फटी ठेवून, खाली सिमेंटचा कोबा न करता, म्हणजे पाणी मुरेल. तिथं कुंड्या, दोन खुर्च्या, संध्याकाळचा चहा. फटींत आणि कडेला मोंडो ग्रास लावा, नावात ग्रास असलं तरी ते गवत नाही, सावलीत मस्त राहतं, कापावं लागत नाही, फक्त त्याच्यावर चालायचं नाही. मिस्टरांच्या प्लास्टिक लॉनला मात्र माझा साफ नकार आहे, मे महिन्यात दुपारी त्याच्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवा म्हणावं, खरं गवत पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं, प्लास्टिक नुसतं तापतं, आणि चार-पाच वर्षांनी फाटायला लागलं की त्याचं करायचं काय.

आता कामाचं वेळापत्रक. सध्या एप्रिल आहे हे तुमचं नशीब. आत्ता गवत लावायचं नाही, आत्ता जमीन तापवायची. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करून रान उघडं टाकतात ना, अगदी तेच. पहारीनं आणि टिकावानं फूटभर खोल खणून घ्या, माळीकाकांना एकट्यांना नाही जमणार, दोन गडी लावा. राडारोडा वेचून बाहेर, सिमेंटचे गोळे तर एकही ठेवू नका कारण त्यातला चुना मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढवत राहतो. लव्हाळ्याच्या गाठी दिसतील तेवढ्या उचला आणि बाकीची ढेकळं उलटीपालटी करून तशीच उन्हात ठेवा, एक थेंब पाणी द्यायचं नाही, आठवड्यातून एकदा परत उलथायची. लव्हाळ्याच्या गाठी पुराला घाबरत नाहीत पण वैशाखातल्या उन्हात कोरड्या पडल्या की मरतात, सगळ्या नाही, बऱ्याच. मेच्या शेवटी एकदा पाणी देऊन उरलेला उगवू द्या आणि तो गाठीसकट खुरप्यानं काढा. नंतरही पहिलं वर्षभर दर पंधरवड्याला काढत राहायचं, नवीन गाठी धरायच्या आत. तणनाशक विचाराल तर उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल नावाचं औषध वापरतात, पण ते शेतातल्या पिकासाठी असतं, लहान मुलं लोळतात त्या जागी मी नाही वापरणार. माझा आपला खुरप्यावर भरवसा.

खणतानाच मातीचा नमुना घ्या. चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या भिंतीची वरपासून खालपर्यंत पातळ काप घ्यायची, सगळं एकत्र करून सावलीत वाळवायचं आणि अर्धा किलो पिशवीत भरून सरकारी मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यायचं. शेतकरी देतात तसंच, खर्च फार नसतो. रिपोर्टमध्ये सामू, ईसी (म्हणजे क्षारांचं प्रमाण), सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुनखडी एवढं बघा. आपल्याकडच्या मातीत सामू 8 च्या वर असणं अगदी घरगुती गोष्ट आहे, दख्खनचा बेसॉल्ट, त्यातून झालेली काळी माती, वर बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असतं पण झाडाला मिळत नाही, डबा भरलेला आणि झाकण घट्ट. तुम्ही ज्याला "पाणी देऊनही पिवळं" म्हणता ते बऱ्याचदा हेच असतं, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं असं दिसलं तर नक्कीच. त्याला लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी फवारायचं, पंधरा दिवसांनी परत एकदा. फक्त नवीन फरशीवर उडू देऊ नका, तांबूस डाग पडतात आणि जन्मभर जात नाहीत, हे मला आमच्या व्हरांड्यानं शिकवलंय.

रिपोर्ट आला की कुणीतरी नक्की सांगेल जिप्सम टाका. जिप्सम तेव्हाच टाका जेव्हा मातीत सोडियम जास्त आहे असं रिपोर्ट म्हणतो. चुनखडीच्या मातीत सामू उतरवायला जिप्समचा उपयोग नाही, त्यात कॅल्शियमच असतं आणि ते तुमच्याकडे आधीच ढिगानं आहे. दुसरा कुणीतरी सांगेल काळ्या मातीत वाळू मिसळा म्हणजे निचरा होईल. थोडी वाळू आणि भरपूर चिकणमाती म्हणजे विटेचा माल तयार झाला. वाळू उपयोगी पडायची तर मातीच्या निम्म्याहून जास्त घालावी लागेल, आणि वाळूचे भाव बघता तेवढ्यात दागिना होईल. जे खरंच काम करतं ते म्हणजे चांगलं कुजलेलं शेणखत. जमिनीवर दोन इंचांचा थर पसरायचा आणि वरच्या सहा इंचांत नीट मिसळायचा, 500 फुटांना साधारण 83 घनफूट लागेल, म्हणजे एक ब्रासला जरा कमी. राडारोडा काढून जमीन खाली गेली असेल तर पोयट्याची माती दोन-अडीच ब्रास आणा, पण ती पण मिसळूनच, थर द्यायचा नाही.

"चांगलं कुजलेलं" ह्या शब्दावर मी अडून बसणार आहे. कच्चं शेण घातलंत तर हुमणीला आमंत्रण. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी तपकिरी भुंगे कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात, लाइटभोवती पण फिरतात, ते हिचे आईबाप. ते जमिनीत अंडी घालतात आणि मग ऑगस्टपासून त्या पांढऱ्या इंग्रजी सी आकाराच्या अळ्या मुळं खात बसतात. ओळख सोपी, पिवळा तुकडा हातानं ओढला आणि सतरंजीसारखा अलगद वर आला तर खाली हुमणी आहे. खत हातात घेऊन वास घ्या, मातीचा वास यायला पाहिजे, गोठ्याचा नाही.

जमिनीला उतार द्या घराच्या उलट्या दिशेला, दहा फुटांना दोन इंच पुरे. दोरी आणि पाण्याची पातळी-नळी घेऊन गवंड्याकडून करून घ्या, नजरेनं नको. तुमच्या खड्ड्याच्या टेस्टमध्ये पाणी अजिबात उतरलं नाही तर सर्वांत खोल कडेनं फूटभर रुंद चर काढून त्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप आणि खडी भरून पाणी बाहेरच्या गटाराला काढावं लागेल. ते एकदाच करायचं काम आहे.

गवत कुठलं? तुम्हाला मेक्सिकनचं वेड आहे हे कळलं, दिसतं ते मखमलीसारखंच, पण ते वाढायला फार हळू आणि म्हणून भरून यायलाही हळू. दोन पोरं त्याच्यावर बॅटिंग करणार म्हटल्यावर खेळपट्टीचा टक्कल पडलेला पट्टा वर्षभर तसाच राहील. साधी हरळी लावा. होय, शेतकरी जिला शिव्या घालतो, कांद्याच्या रानात जिला शोधून शोधून उपटतो, गणपतीला 21 दूर्वांची जुडी करून वाहतो, तीच. तिला जमिनीवरून धावणारी आणि जमिनीखालून पसरणारी कांडं असा दुहेरी पसारा असतो, त्यामुळे तुडवली तरी उठते, पाणी तोडलं तर वाळून झोपते आणि पहिल्या पावसाला डोळे उघडते. खारट पाणी पण ती बरंच सहन करते, तुमचा 1100 टीडीएस तिला चालेल, फक्त तो आरओचा टाकाऊ पाइप लॉनमध्ये सोडला असेल तर काढा, त्यातून बोअरपेक्षा जास्त क्षार येतात. नर्सरीतून बारीक पानाची हरळी मागा, सोलापूर रोडला उरुळी, सोरतापवाडीकडे नर्सऱ्यांची रांगच आहे, एक चक्कर मारा, पण चौकोन विकत घेऊ नका, मुळ्यांच्या गड्ड्या घ्या. जूनच्या मध्यावर पाऊस नीट लागला की कांड्या वेगळ्या करून दर चार बोटांवर खुरप्यानं फट पाडायची, दोन डोळे मातीत जातील अशी कांडी बसवायची आणि पायानं दाबायचं. गणपतीपर्यंत निम्मं दिसेल, दसऱ्या-दिवाळीपर्यंत भरेल. तोवर क्रिकेट रस्त्यावर. नंतर स्टंप दर आठवड्याला जागा बदलून लावायचे, हा नियम आधीच करून टाका.

आणि गणपतीच्या दूर्वा त्या लॉनमधून तोडायच्या असतील तर तो कोपरा औषध-खताशिवाय ठेवा.

पाणी. माळीकाकांची रोजची दहा मिनिटं हीच लॉनची रोजची उपासमार आहे, कारण दहा मिनिटांत वरची दोन बोटं भिजतात, मुळं तिथंच रांगतात आणि बोअरचे क्षार तिथंच साठतात, खाली धुतलेच जात नाहीत. त्यात संध्याकाळी पाणी म्हणजे रात्रभर पान ओलं आणि बुरशीला सोय. पाणी पहाटे-सकाळी द्या, गवत जम धरल्यावर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, पण दिलं की वीतभर खोल गेलं पाहिजे. किती वेळ लागतो ते मोजायला सरळ भिंतीचे चार स्टीलचे डबे लॉनवर ठेवा, स्प्रिंकलर चालू करा आणि डब्यात दीड सेंटिमीटर पाणी जमायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा. तेवढी मिनिटं, आठवड्यातून दोनदा, झाला तुमचा हिशेब. पाणी वाहून जायला लागलं तर मध्ये अर्धा तास थांबून परत सुरू करा. अर्थात हे जम बसल्यावर, लावल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे उघडीप पडली तर रोज थोडंथोडं द्यावंच लागतं. माळीकाकांना हे सांगताना मात्र जरा बेतानं, रोज पाणी न मारणं हे त्यांना काम चुकवल्यासारखं वाटतं, आमच्या काकांनी महिनाभर माझ्यामागे गुपचूप पाइप फिरवला होता.

कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कधीच कापायचं नाही. तीन आठवडे सोडून मग एकदम गोटा करून टाकतात ना, पांढरी कांडं दिसेपर्यंत, त्या दिवशी गवत आठवडाभर मागे जातं आणि तणाला ऊन मिळतं. हरळी दीड-एक इंचावर ठेवा, उन्हाळ्यात दोनवर. मशिनचं पातं धारदार पाहिजे, कापल्यावर टोकं पांढरट फाटलेली दिसली तर पातं बोथट आहे. बारीक कापलेलं गवत तिथंच राहू द्या, ते पण खतच.

खत फार नको. जुलै ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा, 500 फुटांना अर्धा किलो अमोनियम सल्फेट, दोन घमेली कोरड्या मातीत मिसळून उभं-आडवं पसरायचं आणि लगेच पाणी. तुमच्या चुनखडीच्या मातीत युरियापेक्षा हे बरं. पाहुणे आले तरी पाणी आधी.

आता आंबा, ज्याला तुम्ही वेगळा प्रश्न म्हणालात. तो वेगळा नाहीये हो. आंब्याला मोहोर यायला पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर, जरा कोरडा ताण आणि थंडी लागते. तुम्ही नेमके त्याच काळात त्याच्या मुळांवर लॉनच्या नावानं रोज पाणी मारताय, त्या वर्षी तर नोव्हेंबरात बी पण टाकलंत, मग तो मोहोर कशाला काढेल, पालवी काढत बसतो. काही जाती एक वर्षाआड फळतात हेही खरं, पण आधी पाणी तोडून बघा. त्याला काहीही घालू नका. फांद्यांच्या घेरापर्यंत गवत लावायचं नाही, खाली त्याचीच वाळलेली पानं पसरून ठेवा, झाडायची नाहीत, आणि घेराच्या कडेनं जूनमध्ये हळदीचे कंद लावा, हळदीला अर्धी सावली चालते, पावसावर वाढते आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाला सुकला की काढायची असते, काढायच्या आधी तिलाही पाणी नकोच असतं. सासूबाईंना लोणच्याला ओली हळद मिळेल, पेव्हर ब्लॉकचा विषय पुन्हा निघणार नाही.

ती सळई किती बोटं गेली ते मात्र मला नक्की कळवा, आणि खणताना काय काय निघालं त्याचा फोटो पण पाठवा. आमच्याकडे आख्खं सिमेंटचं घमेलं निघालं होतं, कडीसकट.